आंतरराष्ट्रीय शिक्षणातली मास्टर्स: अभ्यासक्रमाला चार तारे, करिअर सेवेला दीड

पदवीचा रिव्ह्यू कोणी लिहितं का, असं एका मैत्रिणीने विचारलं. मिक्सर घेतला तरी लोक चार परिच्छेद लिहितात. इथे तर नोकरी सोडून अख्खं वर्ष घातलं आणि साठवलेले पैसेही. तेव्हा लिहितेच.

मी घेतलेली मास्टर्स 'शिक्षण आणि आंतरराष्ट्रीय विकास' या विषयातली, एका वर्षाची, पूर्णवेळ. दोन सत्रं वर्ग आणि उरलेले महिने लघुप्रबंध. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि इतर ठिकाणी शिकलेल्यांशी बोलल्यावर त्या एकाच विद्यापीठाच्या वाटल्या नाहीत. त्याआधी मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे, नंतर शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायचे. सध्या एका संस्थेत शिक्षण प्रकल्पांचं मूल्यमापन करते.

आधी नावाचा घोळ. 'ग्लोबल एज्युकेशन', 'इंटरनॅशनल एज्युकेशन', 'कम्पॅरेटिव्ह एज्युकेशन' या पाट्यांखाली निदान तीन वेगळे व्यवसाय चालतात, आणि बऱ्याच जणांना हे प्रवेश घेतल्यावरच कळतं. पहिला विकासाचा. युनिसेफ, युनेस्को, जागतिक बँक, ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन आणि त्यांच्या निधीवर काम करणाऱ्या लहानमोठ्या संस्था. इथे विषय असतात शाळेबाहेरची मुलं, शिक्षकांची कमतरता, युद्धात किंवा पुरात बंद पडलेल्या शाळा. दुसरा विद्यापीठांचा. परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश, एका सत्राची देवाणघेवाण, संयुक्त पदव्या, परक्या देशातली पदवी इथे कोणत्या पातळीची धरायची याचा निर्णय. १९४८ साली सुरू झालेली अमेरिकेतली नाफ्सा आणि १९८९ ची युरोपातली ईएआयई या संघटना या लोकांच्या, आणि १९८७ पासूनचा विद्यार्थी-देवाणघेवाणीचा इरास्मस कार्यक्रम युरोपात त्यांच्या कामाचा मोठा भाग. तिसरा व्यवसाय आंतरराष्ट्रीय शाळांचा, म्हणजे १९६८ साली जिनिव्हात उभी राहिलेली आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) आणि तशा इतर अभ्यासक्रमांच्या शाळा. तिथे वर्गावर उभं राहायचं तर बहुतेक ठिकाणी शिक्षकाचं प्रमाणपत्र किंवा परवाना मागतात, आणि ही मास्टर्स त्याची जागा घेत नाही.

आमच्या वर्गात एका मुलीला विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात काम करायचं होतं. तिने वर्षभर निर्वासितांच्या छावण्यांतल्या शाळांवर वाचलं. मुलगी हुशार होती, अभ्यासक्रमही चांगला होता. फक्त दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. माहितीपत्रकात मात्र तिन्ही व्यवसायांतले हसरे चेहरे एकाच पानावर होते.

आता शिकवण्याबद्दल. पहिलं सत्र इतिहास आणि धोरणांचं. १८१७ साली पॅरिसमध्ये मार्क-आंत्वान ज्यूलियाँने वेगवेगळ्या देशांच्या शिक्षणाची तुलना करायला प्रश्नावलीचा आराखडा मांडला, तिथून सुरुवात. मग १९०० सालचं इंग्रज शिक्षणतज्ज्ञ मायकेल सॅडलरचं व्याख्यान. बाहेरचं शिक्षण बागेतल्या फुलांसारखं खुडून आणून आपल्याकडे लावता येत नाही, असं त्याने सांगितलं होतं. (त्या सत्रात वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक निबंधात सॅडलर आला. शेवटी आमच्या प्राध्यापकांनीच विनंती केली की आता त्यांना विश्रांती द्या.) पुढे 'सर्वांसाठी शिक्षण' हे ध्येय ठरवणारी १९९० ची जोमतिएन परिषद, २००० ची डाकारची, २०१५ ची संयुक्त राष्ट्रांची शाश्वत विकास उद्दिष्टं आणि त्यातलं चौथं, शिक्षणाचं. दर वेळी ठरवलेली तारीख उलटली आणि नवी तारीख आली. हे सगळं पुस्तकातही मिळतं. वर्गात मिळतो तो वेगळा प्रश्न: एखादा देश दुसऱ्याचं धोरण 'उचलतो' तेव्हा खरोखर काय उचलतो, आणि कोणाच्या गरजेसाठी? जर्मनीचं उदाहरण दोन तास चाललं. डिसेंबर २००१ मध्ये पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले, जर्मनी सरासरीच्या खाली निघाली, तिथे गहजब झाला आणि मग शिक्षणखात्यांची शिष्टमंडळं यादीत वर असलेल्या फिनलंडकडे धावू लागली. आमचे प्राध्यापक म्हणायचे, फिनलंड बघायला गेलेले बरेच जण घरी आधीच ठरलेल्या सुधारणेला शिक्का मारून घ्यायला गेले होते. हे वाक्य मी आता कामावर रोज वापरते. एखाद्या मंत्रालयाच्या बैठकीत कोणी 'सिंगापूर मॉडेल' म्हणालं की माझे कान टवकारतात.

पण चार तारे यासाठी नाहीत. ते आहेत सगळ्यांनी टाळलेल्या विषयाला: मोठ्या चाचण्यांच्या आकडेवारीचं विश्लेषण. हा ऐच्छिक विषय वेळापत्रकात अशा वेळी ठेवला होता की बहुधा कोणी घेऊ नये म्हणूनच. घेणारे मोजकेच. पहिल्या तासाला प्राध्यापिकेने पिसाची फाइल उघडली आणि विचारलं, या विद्यार्थ्याचे गणितातले गुण किती? उत्तर एक नव्हतंच. तिथे प्रत्येक विद्यार्थ्यासमोर दहा आकडे असतात. कारण प्रश्नसंच एवढा मोठा असतो की एका मुलाला त्यातला थोडाच भाग सोडवायला मिळतो. मग त्याची पातळी एका आकड्यात न सांगता शक्य असलेल्या आकड्यांचा संच देतात, त्याला प्लॉझिबल व्हॅल्यूज म्हणतात. दहाही आकड्यांची आधी सरासरी काढून पुढचं गणित केलं की चूक कमी दिसते आणि निष्कर्ष नको इतका ठाम होतो. प्रत्येक आकड्यावर गणित स्वतंत्र करायचं, मग निकाल एकत्र करायचे. त्यातच नमुन्याची वेट्स, म्हणजे निवडलेलं एक मूल देशातल्या किती मुलांच्या जागी धरायचं तो आकडा, आणि वर त्रुटी मोजण्यासाठी आणखी ऐंशी रेप्लिकेट वेट्स, कारण मुलं सुटी सुटी निवडलेली नसतात, आधी शाळा निवडतात आणि मग शाळेतली मुलं.

गणिताची शिक्षिका म्हणून हे मला सोपं जाईल असं वर्गाला वाटायचं. सोपं नव्हतं. पण यानंतर वर्तमानपत्रात 'आपला देश तीन क्रमांकांनी घसरला' अशी बातमी वाचताना हात आपोआप सरासरीतल्या त्रुटीच्या रकान्याकडे जातो, आणि बऱ्याचदा ते तीन क्रमांक त्या त्रुटीतच विरघळलेले दिसतात.

लघुप्रबंधासाठी मी पर्ल्स ही चौथीच्या मुलांची वाचनचाचणी घेतली. घरी बोलली जाणारी भाषा आणि चाचणीची भाषा वेगळी असेल तर गुणांतला फरक किती, आणि घरातल्या पुस्तकांची संख्या विचारात घेतल्यावर त्यातला किती उरतो, हा प्रश्न. मार्गदर्शक महिन्यातून एकदा भेटायच्या आणि मसुदा लाल करून परत द्यायच्या. एकदा माझ्या एका परिच्छेदाशेजारी त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'हे तुम्हाला दिसलं की दिसावं असं वाटलं?' फीचा मोठा भाग त्या एका ओळीतच वसूल झाला. कारण बाकी साहित्य बघा. पिसा आणि पर्ल्स यांची आकडेवारी कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. युनेस्कोचे ग्लोबल एज्युकेशन मॉनिटरिंग रिपोर्ट फुकट. युद्ध-पुरासारख्या संकटातल्या शिक्षणासाठीच्या आयएनईई या संस्थांच्या जाळ्याचं सदस्यत्व फुकट, आणि त्यांची किमान मानकं, जी पहिल्यांदा २००४ साली आली आणि २०२४ मध्ये नव्याने आली, तीही फुकट. विद्यापीठ विकतं ते आपलं लिखाण निर्दयपणे वाचणारा माणूस. तो मिळणार नसेल, प्रबंधाला एका मार्गदर्शकामागे वर्गच्या वर्ग लावून दिलेला असेल, तर ही पदवी घेऊ नका.

सहाध्यायी हा दुसरा मोठा फायदा. आमच्यात एक परीक्षा मंडळात प्रश्नपत्रिका काढणारा अधिकारी होता, एक छावणीतल्या शाळेची मुख्याध्यापिका होती. 'समुदायाचा सहभाग' हा शब्द निबंधात लिहिणं वेगळं. तिने एकदा शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडच्या पालक समितीची बैठक पाण्याच्या रांगेच्या वेळेला ठेवली होती, म्हणून कोणी आलं नाही, आणि अहवालात 'सहभाग कमी' अशी नोंद झाली. त्या तासाला पुढचं काही शिकवलंच गेलं नाही. ग्रंथालय उत्तम. वसतिगृह ठीक.

आता दीड तारा. करिअर सेवेने पहिल्याच आठवड्यात सीव्हीचा जो नमुना दिला तो बँकेत नोकरी शोधणाऱ्यांसाठी होता. कार्यशाळेत सांगितलं, 'संयुक्त राष्ट्रांत प्रवेश घ्या.' कसा, ते नाही. म्हणून मीच लिहिते. तिथे पी-२ ही व्यावसायिक पदांची खालची पायरी मानतात, आणि तिलाही साधारणपणे मास्टर्सबरोबर दोन वर्षांचा अनुभव मागतात. कनिष्ठ अधिकाऱ्यांची जेपीओ योजना वेगवेगळी सरकारं आपल्या पैशाने चालवतात आणि बहुतेक वेळा आपल्याच नागरिकांना घेतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी आपल्या पासपोर्टला ते दार उघडं आहे का ते बघायचं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी. युनिसेफ भत्ता देतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून येणारे बरेच जण पुढे नियमित पदांवर दिसतात. यातलं काहीही आमच्या कार्यशाळेत नव्हतं. होती ती 'आमचे माजी विद्यार्थी येथे काम करतात' अशी बोधचिन्हांची भिंत. तिथे कोणत्या पदावर, किती वर्षांनी, किती महिन्यांच्या करारावर, हे विचारलं तर उत्तर मिळालं की ती माहिती गोपनीय आहे.

मला नोकरी लागली ती बोधचिन्हांमुळे नाही. मुलाखतीत त्यांनी एका सर्वेक्षणाचा तक्ता समोर ठेवला आणि विचारलं, यात काय खटकतं? वेट लावलेलं नव्हतं. एवढंच. ऐच्छिक विषय, गैरसोयीची वेळ.

बाजाराबद्दलही स्पष्ट लिहायला हवं, कारण माहितीपत्रकं अजून जुन्याच हवेत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ ला ती मदत वाटणारी यूएसएड ही सरकारी संस्था स्वतंत्र संस्था म्हणून संपली. मुलांच्या वाचनाचे कितीतरी प्रकल्प तिच्या पैशावर चालायचे, आणि त्या प्रकल्पांवर मूल्यमापन करणारे, पुस्तकं तयार करणारे, प्रशिक्षक असे लोक पोसलेले होते. अनुभवी माणसं एकदम मोकळी झाली आणि आता नवख्यांबरोबर त्याच जागांसाठी अर्ज करतात. त्याच जुलैमध्ये अमेरिकेने युनेस्को सोडण्याची घोषणा केली, डिसेंबर २०२६ अखेरीपासून लागू. म्हणजे पहिल्या व्यवसायात शिरणाऱ्याने केवळ पदवीच्या भरवशावर उडी मारू नये. दुसऱ्या व्यवसायात, विद्यापीठांच्या कार्यालयांत, व्हिसाचे नियम बदलले की जागा कमीजास्त होतात, पण तिथे पदव्यांच्या समकक्षतेचं काम मला दुर्लक्षित वाटतं. परदेशी पदव्यांच्या मान्यतेबद्दलचे १९९७ चा लिस्बन करार आणि २०२३ पासून अमलात आलेला युनेस्कोचा जागतिक करार वाचून, कागदपत्रं तपासून निर्णय देणारी माणसं लागतातच. हे काम कोणाला दिमाखदार वाटत नाही म्हणून वर्गात त्याचा उल्लेखही झाला नाही.

कोणी घ्यावी? ज्यांनी शाळेत, प्रशिक्षणात, सर्वेक्षणात किंवा सरकारी खात्यात काही वर्षं काढलीत आणि डोक्यात एक ठोस प्रश्न घुमतोय, त्यांनी. पदवीनंतर लगेच, 'जगभर फिरता येईल' म्हणून येणाऱ्यांनी थोडं थांबावं. आमच्या वर्गातल्या अशा दोघांना वाचन जड गेलं नाही, पण चर्चेत स्वतःचं उदाहरण द्यायची वेळ आली की ते गप्प व्हायचे. पैशांची अडचण असेल तर इरास्मस मुंडसच्या संयुक्त मास्टर्स जरूर बघा. २००४ पासून चालू आहेत, निदान दोन देशांत शिकवतात, आणि निवड झाली तर शिष्यवृत्ती बऱ्यापैकी भक्कम असते. स्पर्धा मात्र तेवढीच तगडी.

फी भरण्याआधी विभागाला ईमेल करून तीन गोष्टी विचारा. संख्याशास्त्राचा विषय सक्तीचा आहे का, आणि त्यात खरी आकडेवारी हाताळायला देतात का. एका मार्गदर्शकाकडे किती प्रबंध असतात. मागच्या दोन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांची पदनामं काय, नुसती संस्थांची नावं नकोत. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक येणार नाही, तेव्हा माजी विद्यार्थ्यांना स्वतः शोधून लिहा. मी सहा जणांना लिहिलं होतं, चार जणांनी सविस्तर उत्तरं दिली, आणि त्यातल्या एकीनेच मला त्या ऐच्छिक विषयाचं नाव सांगितलं होतं.