जुन्या अल्टोत ब्लूटूथ स्टिरिओ, सात-आठ महिने वापरल्यानंतर (पिवळ्या वायरबद्दल सविस्तर)

जुन्या गाडीत नवीन स्टिरिओ बसवायचा विचार असेल तर कंपनी कुठली, वॅट किती, इक्वलायझर कसा हे सगळं नंतर बघा. दुकानात गेल्यावर आधी फिटिंगवाल्याला विचारा, पिवळी वायर कुठं जोडणार? तो म्हणाला की लाल-पिवळी एकत्रच मारतो, सगळ्यांना तसंच करतो, तर तिथनं निघा. माझे पाच-सहा महिने या एका वायरीपायी गेले आणि दुकानदार शेवटपर्यंत मान्य करायला तयार नव्हता, म्हणून एवढं लिहायला बसलोय.

गाडी २००९ ची अल्टो. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलं, इंजिन खणखणीत आहे, विकायचा विषय घरात निघत पण नाही. आम्ही वाईला राहतो आणि महिन्यातनं तीन-चार वेळा पुण्याला जाणं होतं. आत सीडी प्लेअर होता, त्याची लेन्स कधीच गेलेली, नुसता रेडिओ आणि ऑक्स (फोनची वायर लावायचं भोक) चालायचं.

पहिल्यांदा सगळे घेतात तसा तो लायटरमध्ये घुसवायचा एफएम मॉड्युलेटर घेतला, म्हणजे फोनवरचं गाणं एफएमच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर सोडणारा. वाईत ठीक चालतो. पुण्यात शिरलं की ९१.१, ९३.५, ९५, ९८.३, १०१ अशी सगळी पट्टी भरलेली, मधली एखादी मोकळी फ्रिक्वेन्सी शोधून काढली तरी कात्रजच्या अलीकडं-पलीकडं तिच्यात काहीतरी घुसतंच. गाणं चालू असताना मधेच सोन्या-चांदीच्या दुकानाची जाहिरात. गाडी चालवताना फ्रिक्वेन्सी बदलत बसणं हा धोक्याचा प्रकार आहे, तो मॉड्युलेटर काढून टाकला.

मग ऑक्समध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर आणला, साधारण पाचशेचा. हा खरं तर चांगला उपाय आहे, पण त्याला लायटरच्या यूएसबीतनं करंट दिला की स्पीकरमधनं कुईंऽऽ असा आवाज यायचा आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो आवाज पण चढायचा. कारण साधं आहे, रिसीव्हरला लायटरकडनं एक अर्थिंग मिळतं आणि ऑक्सच्या वायरीतनं दुसरं, त्यामुळं लूप तयार होतो आणि अल्टरनेटरचा आवाज गाण्यात उतरतो. तोच रिसीव्हर पॉवर बँकवर चालवून बघा, आवाज गायब. ज्यांच्या जुन्या टेपला ऑक्स आहे आणि ज्यांना खर्च करायचाच नाही त्यांनी मधे ग्राउंड लूप आयसोलेटर (हा लूप तोडणारा छोटा डबा) लावावा, दोन-तीनशेत येतो. पण माझ्या टेपचं व्हॉल्यूमचं बटण पण खरखर करायला लागलं होतं, फिरवलं की एका बाजूचा आवाज बंद, म्हणून नवीन घ्यायचं ठरवलं.

अँड्रॉइड स्क्रीनचा विचार केला नाही. अल्टोत सिंगल डिनची खाच आहे, म्हणजे १८० बाय ५० मिमी, मोठी स्क्रीन बसवायची तर डॅशबोर्ड कापायला लागतो नाहीतर वर येणारी फ्रेम लावायला लागते. ते मला पटत नाही. साधा सिंगल डिन घेतला, सीडी नसलेला, ब्लूटूथ, यूएसबी, ऑक्स, एफएम. तेवीसशे रुपये आणि फिटिंगचे चारशे वेगळे. घेताना एक गोष्ट हट्टानं बघितली ती म्हणजे व्हॉल्यूमला फिरणारं गोल बटण. टचवाले किंवा प्लस-मायनसवाले स्वस्त मिळत होते, पण घाटात नजर रस्त्यावर ठेवून आवाज कमी करायचा तर हाताला गोल बटणच सापडतं. याबाबत माझं मत अजूनही पक्कं आहे.

आता मुख्य विषय.

पहिल्या दिवशी खूश होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर घड्याळात १२:००, बास-ट्रेबल सगळं शून्यावर, सेट केलेली स्टेशनं गेलेली, फोन परत पेअर करा, आणि आवाज थेट मोठा. दर वेळी. पेट्रोल भरायला थांबलो, चावी काढली, परत लावली की पुन्हा पहिल्यापासून. दुकानात फोन केला तर म्हणाला या रेंजमधल्या पीसला मेमरी नसते. प्रत्यक्ष गेलो तर म्हणाला पीसच डिफेक्टिव्ह असेल, कंपनीत पाठवतो, पंधरा-वीस दिवस लागतील, आणि काढायचे-बसवायचे पैसे परत पडतील. मी म्हटलं, वॉरंटीत आहे, फिटिंग तुम्हीच केलंय, पैसे कसले? तर म्हणे वॉरंटी पीसची असते साहेब, मजुरीची नाही. हे ऐकून डोकंच फिरलं. दोनदा गेलो, दोन्ही वेळा तेच. पावती काढून दाखवली तरी तेच. शेवटी तसाच वापरत राहिलो आणि त्या कंपनीला एक स्टार द्यायचा असं मनात पक्कं केलं होतं.

नंतर गाडीचा हॉर्न गेला म्हणून आमच्याकडच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं नेली. सगळे त्यांना मामाच म्हणतात. मी सहज स्टिरिओचं बोललो, तर ते म्हणाले, "पीस नाही ओ, पिवळी बघू आधी." दोन्ही बाजूंनी पट्ट्या सरकवून स्टिरिओ बाहेर ओढला आणि मागचा गुंता बघून मलाच कसंतरी झालं. ओरिजिनल कपलर (वायरी जोडायचा प्लग) कापून टाकलेला, सगळ्या वायरी नुसत्या पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेली, आणि ती उन्हानं चिकट होऊन सुटायला लागलेली. मामांनी टेप सोलली तर आत लाल आणि पिवळी एकत्र पिळून गाडीच्या एकाच वायरीला जोडलेल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्टिरिओला करंटच्या दोन वायरी असतात. पिवळी म्हणजे बॅटरीवरनं कायम चालू असणारी, तिच्यावर घड्याळ, स्टेशनं, पेअर केलेले फोन, सेटिंग हे सगळं टिकतं. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी, ती नुसती स्टिरिओला चालू-बंद हो म्हणून सांगते. दोन्ही चावीच्या करंटवर टाकल्या की चावी काढली रे काढली की मेमरी पुसली जाते. आणि उलट, दोन्ही बॅटरीवर टाकल्या तर चावी काढली तरी स्टिरिओ बंद होत नाही, बटण दाबायचं विसरलात आणि गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की अल्टोची छोटी बॅटरी झोपते. पिवळी बरोबर जोडली तर बंद स्टिरिओ काही मिलिअँपच खातो, त्याची काळजी करायचं कारण नाही.

मामांनी टेस्ट लॅम्प लावून दाखवलं. चावी बाहेर, पिवळीवर दिवा लागला पाहिजे, लालवर लागता कामा नये. चावी फिरवली की दोन्हीवर लागला पाहिजे. बास, एवढीच टेस्ट आहे, एका मिनिटात होते, आणि दुकानात कुणी ती केली नाही. मग त्यांनी काळी वायर बघितली. ती अर्थिंगची, मागच्या पत्र्याच्या पट्टीला, रंगावरच स्क्रू मारून लावलेली. मामांनी पॉलिश पेपरनं तिथला रंग घासून पांढरा पत्रा काढला, वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची कडी) दाबलं आणि बोल्ट आवळला. इंजिन चालू असताना हलकी शिट्टी यायची ती पण गेली, जिच्याबद्दल मी समजून चाललो होतो की जुन्या गाडीत येणारच. नवीन कपलर दीडशेला मिळाला, मजुरी दोनशे. साडेतीनशे रुपयांत काम झालं!

तेव्हापासनं मेमरी एकदाही गेलेली नाही. त्यामुळं स्टिरिओबद्दलचं माझं मत आता पूर्ण बदललंय, जो एक स्टार मी पीसला देणार होतो तो दुकानाच्या फिटिंगला जातो आणि पीसला मी चार देतो. अर्ध्या लोकांचे वाईट रिव्ह्यू "सेटिंग सेव्ह होत नाही" असेच असतात, ते वाचताना मला आता प्रत्येक वेळी त्या पिवळीचीच शंका येते. गाडीतली वायर कापू देऊ नका. मारुतीचा कपलर कुठल्याही अॅक्सेसरीच्या दुकानात मिळतो, तो वापरला तर उद्या जुना टेप परत लावायचा म्हटलं तरी नुसता खटकन बसतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. डब्यावर ५० वॅट गुणिले ४ लिहिलंय, ते मनावर घेऊ नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला आतला अॅम्प्लिफायर खरे वीस-बावीस वॅटच देऊ शकतो, सगळ्यांचं तेच आहे. दारातले छोटे स्पीकर आणि मागं पार्सल ट्रेवर जुने ओव्हल आहेत, तेवढ्याला भरपूर होतं. गाण्याच्या अॅपमध्ये मात्र डेटा वाचवायचं सेटिंग चालू असतं ते बंद करा, फरक लगेच कळतो. १६० केबीपीएसला तासाला ७२ एमबी जातात, आजकालच्या रोजच्या पॅकमध्ये ते काहीच नाही. आणि फोनचा आवाज वरपर्यंत ठेवून कमी-जास्त स्टिरिओवरनं करा, उलटं केलं की खरखर वाढते. घरात दोन फोन पेअर असतील तर आधी कुठला लागेल याचा नेम नसतो, आमच्यात बायकोचाच लागतो, मग तिच्या मावशीचे व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेज सगळ्या गाडीला ऐकू जातात. यासाठी तिच्या फोनमध्ये या डिव्हाइसला फक्त कॉल ठेवून मीडिया ऑडिओ बंद केलाय.

या स्टिरिओत मीडियम वेव्ह नाही. हे घेताना कुणी सांगत नाही आणि डब्यावर पण नसतं. अण्णांना सकाळी पुणे केंद्राच्या बातम्या लागतात, ७९२ किलोहर्ट्झ, जुन्या टेपवर घरघर करत का होईना लागायच्या. पहिले काही दिवस ते गाडीत बसले की नुसते त्या डब्याकडं बघायचे. मग माझ्या फोनवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अॅप टाकलं आणि ब्लूटूथवर पुणे केंद्र लावलं. खंबाटकीकडं जाताना हायटेन्शनच्या तारेखालनं गेलो तरी एक खरखर नाही, निवेदिकेचा श्वास ऐकू येतोय. अण्णा म्हणाले, "ही आत्ता बोलतीय? आत्ता, पुण्यातनं?" हो म्हटलं. पुढं शिरवळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, ऐकत होते. एवढ्यासाठीसुद्धा हे पैसे वसूल आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, त्यात लाइव्ह रेडिओ थोडा तुटतो. गाणी तुटत नाहीत कारण ती आधीच पुढं लोड झालेली असतात.

कॉलसाठी मात्र हा कामाचा नाही. माइक समोरच्या पॅनेलमध्येच आहे, अल्टोत इंजिनचा आणि टायरचा आवाज एवढा की साठच्या पुढं समोरच्याला काही कळत नाही. गाडी बाजूला घेऊनच बोलतो. मागं बाहेरचा माइक लावायची जागा असलेला पीस तीन-चारशे जास्त देऊन मिळतो, रोज फोनवर बोलणाऱ्यांनी तोच घ्यावा.

यूएसबीनं चार्जिंग होतं पण हळू, मॅप चालू असेल तर टक्के वाढायच्या ऐवजी उतरतात. चार्जर लायटरमध्येच लावतो, आता शिट्टी येत नाही.

राहिला तो निळा दिवा. बटणांमागचा लाइट रात्री फार चमकतो, हेडलाइट लावल्यावर मंद होणारी सोय या मॉडेलमध्ये नाही. काच काळी करायच्या फिल्मचा एक तुकडा कापून डिस्प्लेवर चिकटवलाय, दिवसा थोडं कमी दिसतं पण रात्री डोळ्यांवर येत नाही.