‘लायसन लागत नाही’ म्हणून गळ्यात मारलेली 52 च्या वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर

79,000 रुपये. त्यात 74,000 गाडीचे, 3,200 जादा चार्जरचे आणि 1,800 ‘कागदपत्रांचे’. जी गाडी आरटीओला दाखवायचीच नाही, तिची कसली कागदपत्रं? कर्नाटकात, सीमेवरच्या निपाणी-चिकोडी भागातली बरीच माणसं अशा गाड्या कोल्हापूरकडून आणतात. आम्हीही आणली, कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी, कारण तिचं लायसनचं वय झालेलं नाही आणि विकणाऱ्यानं नेमकं तिथंच बोट ठेवलं.

नियम सरळ आहे. मोटार 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत. या तिन्ही अटी पाळणाऱ्या मान्यताप्राप्त गाडीलाच नोंदणी, लायसन, विमा यांतून सूट आहे. एक जरी मोडली तरी ती मोटार वाहन ठरते, आणि नंबरप्लेटशिवाय रस्त्यावर आणल्याचा गुन्हा चालवणाऱ्यावर येतो. विकणारा प्रत्यक्षात मोकळाच राहतो.

गाडीची बॅटरी दाखवायला त्यानं सीट उचलली, तेव्हा मोटारीला करंट सोडणाऱ्या डब्याजवळ, म्हणजे कंट्रोलरजवळ, दोन बारीक पांढऱ्या वायरी सुटलेल्या होत्या, टोकांना नवी कोरी काळी टेप. ही वेगमर्यादेची जोडी. जोडली की कंट्रोलर वेग अडवतो, सोडली की मोटार मोकाट. त्या टेपवर धूळसुद्धा नव्हती! तिथंच कळायला हवं होतं, हे आज शंभर जण ऐकवतात. पण समोर मान्यतेचं प्रमाणपत्र होतं, पक्क्या बिलावर 250 वॅट छापलेलं होतं. गिऱ्हाइकानं शोरूममध्ये वायरी पिंजत बसायचं का? प्रमाणपत्र खोटं नव्हतंच, ते दुसऱ्या मॉडेलचं होतं. नावात एका अक्षराचा फरक. प्रमाणपत्र, बिल आणि चासीवरची पाटी, तिन्हीकडचं मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

पंक्चरला मागचं चाक काढलं तेव्हा ‘250W’च्या स्टिकरखाली हबवर, म्हणजे चाकातल्या मोटारीच्या कवचावर, कोरलेलं 1200W निघालं. वायरीला चिमट्यासारखा लावून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या लाल वायरीला लावून चढावर पूर्ण थ्रॉटल दिला, तर 29 अँपिअर. 60 व्होल्टनं गुणा, 1,740 वॅट होतात. खऱ्या 250 वॅटच्या गाडीला सपाटीवर चार-पाच अँपिअर पुरतात. मोबाइलच्या जीपीएसवर वेग 52.

आता यात जीव कसा जातो ते बघा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तर 25 च्या वेगाला साधारण 5 मीटर, 50 ला 19-20 मीटर. ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला तर आणखी 14 मीटर. इथं तर दोन्ही चाकांना हलक्या गाडीचे बारके ड्रम ब्रेक. गळिताच्या दिवसांत मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अंधारात पुढं आली तर काय होईल?

वायरींचंही तेच. कंट्रोलरकडून मोटारीला जाणाऱ्या तीन फेज वायरी आणि त्या जोडणारे बुलेट कनेक्टर एवढ्या करंटचे नसतात. आधी कनेक्टरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग वितळतं. जळका वास आला की गाडी तिथंच बंद करा, बॅटरी तोडणारा खटका, म्हणजे एमसीबी, खाली पाडा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी जोरात ओढली की क्षमता घटते, म्हणून 80 किलोमीटरच्या बोलीवर 35 मिळतात. आणि अपघात झाला तर विमा नाही, समोरच्याची भरपाई मालकाच्या खिशातून.

तक्रारीची गत ऐका. आपल्या बाजूच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, दुकान महाराष्ट्रात, तिकडं जावा. तिकडचे म्हणाले, गाडी कर्नाटकात फिरते, तिकडं द्या. आरटीओत उत्तर मिळालं, नोंदच नाही तर आमचा संबंध काय? अर्ज मराठीत म्हणून एकदा परत आला, कानडीत करून नेला तर साहेब रजेवर. अरे, नोंद नाही हीच तर तक्रार आहे! मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ मध्ये अशी गाडी विकणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड आहे. कुणी ते पान उघडायला तयार नाही. हद्दीचं कारण दिलं तर सांगा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस थेट गुन्हा नोंदवतात) तक्रार नोंदवावीच लागते. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हेल्पलाइन 1915.

खरंच जोरदार गाडी हवी असेल तर फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि 22 (गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) देणाराच डीलर धरा. हिरव्या प्लेटवर पांढरा नंबर येतो, विमा येतो.

तक्रार केली की दुकानातून गोड फोन येतो, ‘फ्री सर्व्हिसिंगला आणा.’ नेऊ नका. पांढरी जोडी परत जोडली, स्टिकर बदलला की पुरावा संपला. आधी हबवरचं कोरीव, सुटलेल्या वायरी, क्लॅम्प मीटरचं रीडिंग आणि चासी नंबर एकाच सलग व्हिडिओत घ्या.