रशिया निर्बंधांची यादी: अमेरिकेची, युरोपची की ब्रिटनची? कोणती धरावी आणि ताजी कशी ठेवावी

भारताने रशियावर निर्बंध घातलेले नाहीत. आपण मानतो ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध. तिथे रशियाकडे नकाराधिकार असल्यामुळे युक्रेनच्या मुद्द्यावर परिषदेची यादीच नाही, म्हणजे व्यवहाराला बंदी असलेल्या व्यक्ती-संस्थांची नावं परिषदेने दिलेलीच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांप्रमाणे बँका सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविषयक याद्या रोज तपासतात, पण त्यांत रशियाने २०१४ मध्ये युक्रेनकडून बळकावलेल्या क्रीमियातला एकही पुढारी सापडणार नाही. तरीही कोल्हापूरच्या फाउंड्रीला बँकेकडून 'खरेदीदाराचं नाव निर्बंध यादीशी जुळतंय' असा फोन येतो. डॉलर न्यूयॉर्कमार्गे फिरतो, जहाजाचा विमा लंडनचा असतो, खरेदीदाराची बँक जर्मनीत असते, म्हणून. आपला पैसा, माल आणि माणसं कोणाच्या हद्दीतून जातात ते आधी कागदावर मांडा. कोणती यादी धरायची ते तिथेच निम्मं ठरतं.

कोणाचा हात कुठवर पोचतो

अमेरिकेची यादी ट्रेझरी खात्यातलं ओफॅक हे कार्यालय चालवतं. तिला एसडीएन, म्हणजे खास नोंदवलेल्या व्यक्ती-संस्थांची यादी म्हणतात. युक्रेनप्रकरणी तिची सुरुवात मार्च २०१४ मधल्या १३६६० आणि १३६६१ या कार्यकारी आदेशांनी झाली. नंतरची मोठी भर एप्रिल २०२१ च्या १४०२४ या आदेशाखाली पडली. अमेरिकी नागरिक, अमेरिकी कंपन्या आणि अमेरिकी बँकेतून जाणारा प्रत्येक डॉलर या कक्षेत येतो. शिवाय डिसेंबर २०२३ च्या १४११४ या आदेशाने परदेशी बँकांवरही थेट कारवाईचा रस्ता मोकळा केला. भारतीय बँका ओफॅकच्या यादीला सर्वांत जास्त बिचकतात त्या याच कारणाने.

युरोपीय संघाची व्यक्तींची यादी १७ मार्च २०१४ च्या २६९/२०१४ या नियमाच्या परिशिष्टात आहे. पहिल्या दिवशी तिच्यात २१ नावं होती. मार्च २०२५ मध्ये व्यक्ती आणि संस्था मिळून आकडा २,४०० च्या वर गेला होता. ती संघाचे नागरिक, तिथल्या कंपन्या आणि संघाच्या भूमीवर होणारा व्यवहार यांना लागू होते.

ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ११ पासून स्वतःचे रशिया नियम लावले. नावं परराष्ट्र खातं ठरवतं, अंमलबजावणी ब्रिटिश ट्रेझरीतलं ऑफ्सी हे कार्यालय करतं. हे नियम ब्रिटिश नागरिक जगात कुठेही असला तरी त्याला बांधतात. दुबईत ट्रेडिंग कंपनी चालवणारा, ब्रिटिश पासपोर्ट घेतलेला मराठी माणूस यातून सुटत नाही. बऱ्याच जणांच्या हे गावीही नसतं.

तिन्ही याद्यांत नावं पुष्कळशी सारखी असली तरी एक पाहिली म्हणजे तिन्ही पाहिल्या असं होत नाही. रशियन उद्योगपती रोमन अब्रामोविच यांचं नाव मार्च २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने आधी ब्रिटनच्या आणि मग युरोपच्या यादीत आलं; अमेरिकेने तेव्हा घातलं नाही.

यादी बदलते कधी

अमेरिकेला ठरलेला मुहूर्त नाही, केव्हाही बदल होतो. घोषणा बहुधा वॉशिंग्टनच्या सकाळी येते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात ते रात्री नऊच्या सुमारास. लंडनचं उन्हाळ्यातलं अंतर साडेचार तासांचं, हिवाळ्यातलं साडेपाच. युरोपचं राजपत्र मोठ्या निर्बंध-टप्प्याच्या दिवशी पार रात्री येऊ शकतं. पुण्यातल्या बँकांच्या बॅक ऑफिसात सकाळी ९ ला यादी लोड करून दिवसभर तीच वापरतात. त्यात संध्याकाळच्या शिफ्टचे पेमेंट नेमके उघडे राहतात. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री साडेनऊनंतर, फाइल ओढली तर बरंचसं भागतं.

युरोपच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. कायद्याने बांधणारा मजकूर राजपत्रातला. युरोपीय आयोगाची सगळ्या नावांची एकत्रित फाइल त्यावरून तयार होते आणि कधी कधी मागे राहते. नियम मात्र बहुतेक वेळा राजपत्रात छापल्याच्या दिवसापासून लागू होतो. नुसत्या फाइलवर भिस्त ठेवणारा त्या मधल्या काळात उघडा पडतो. युरोपशी काम असेल तर राजपत्राची सूचना ईमेलवर लावून घ्यावी आणि मोठ्या टप्प्याच्या दिवशी नवी नावं हाताने तपासावी.

युरोपची यादी दर सहा महिन्यांनी, १५ मार्च आणि १५ सप्टेंबरच्या आत, एकमताने पुढे न्यावी लागते. नाव वगळण्याची घासाघीस याच वेळी होते. मार्च २०२५ च्या मुदतवाढीत काही नावं गळाली. अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडे अशी ठरलेली तारीख नाही. ब्रिटनकडे तातडीची वाट आहे: अमेरिका, युरोप, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाने आधी घातलेलं नाव ५६ दिवसांसाठी झटपट उचलता येतं. एका यादीत आज आलेलं नाव दुसरीत पुढच्या आठवड्यात दिसलं तर नवल वाटू नये.

फाइल उघडल्यावर

खरी कटकट इथे सुरू होते. ओफॅकची फाइल फुकट मिळते, खातं उघडावं लागत नाही. पण जुन्या पद्धतीची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली फाइल) घेतली तर नावं एका फाइलमध्ये, पत्ते दुसऱ्या, टोपणनावं तिसऱ्या. सगळं एका क्रमांकाने जोडावं लागतं. रिकाम्या रकान्यात शून्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ असते. ती साफ केली नाही तर सॉफ्टवेअर तीच चिन्हं नाव म्हणून जुळवत बसतं. जन्मतारखेला वेगळा रकाना नाही, ती शेऱ्यात कोंबलेली असते. शेरा लांबला तर उरलेला भाग आणखी एका फाइलमध्ये जातो. नवी व्यवस्था लावत असाल तर सीएसव्हीच्या भानगडीत पडू नका, एक्सएमएल घ्या.

ब्रिटनची यादी ओढणाऱ्या जुन्या व्यवस्थांमध्ये सध्या सगळ्यांत जास्त मोडतोड होते. २८ जानेवारी २०२६ पर्यंत दोन याद्या होत्या: परराष्ट्र खात्याची आणि ऑफ्सीची एकत्रित. त्या दिवशी ऑफ्सीची बंद झाली. जुन्या पत्त्यावरून फाइल ओढणारी स्क्रिप्ट चूक न दाखवता शिळी फाइल देत राहू शकते, आणि यादी ताजीच आहे अशा भ्रमात सगळे राहतात. रोजच्या लोडनंतर फाइलची तारीख आणि नोंदींची संख्या कालच्याशी ताडून पाहणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये असलीच पाहिजे. ऑफ्सीच्या जुन्या गट क्रमांकावर बांधलेले दुवेही 'आरयूएस' आणि चार आकडे अशा नव्या ओळख क्रमांकावर हलवावे लागतात. आडनाव 'नाव ६' या रकान्यात असतं, आणि कंपनीचं अख्खं नावही तिथेच. 'नाव १' म्हणजे आडनाव असं समजून चालणारे फसतात.

युरोपची एकत्रित फाइल घ्यायला खातं काढावं लागतं. सिरिलिक लिपीतली नावं तिच्यात असतात ही मोठी जमेची बाजू. पण फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडलीत तर अक्षरांचा काला होतो. 'डेटा आयात' मधून यूटीएफ-८ निवडूनच उघडा. जहाजांचा ज्यांना संबंध येतो त्यांनी लक्षात ठेवावं, की युरोपने बंदी घातलेली तेलवाहू जहाजं या फाइलमध्ये नाहीत. ती ८३३/२०१४ या वेगळ्या नियमाच्या ४२ व्या परिशिष्टात आहेत. अमेरिका आणि ब्रिटन जहाजं आपापल्या यादीतच सात आकडी आयएमओ क्रमांकासह (जहाजाचा ओळख क्रमांक) देतात.

निर्बंध-कार्यक्रमाच्या, म्हणजे ज्या आदेशाखाली नाव आलं त्याच्या, नावाने गाळणी लावणं हीदेखील नेहमीची चूक. ओफॅकमध्ये क्रीमियाच्या वेळची माणसं 'युक्रेन-ईओ१३६६०' अशा खुणेखाली आणि नंतरची 'रशिया-ईओ१४०२४' खाली. फक्त 'रशिया' निवडलंत तर २०१४ ची अख्खी तुकडी बाहेर राहते. ब्रिटनच्या जुन्या सूचनांतही हाच विषय 'युक्रेन (सार्वभौमत्व व प्रादेशिक अखंडता)' या नावाने होता.

एकाच माणसाचं नाव किती तऱ्हांनी

क्रीमियातले पुढारी सर्गेई अक्स्योनोव्ह घ्या. मार्च २०१४ मध्ये एकाच दिवशी ते अमेरिकेच्या आणि युरोपच्या यादीत आले. आडनावातलं 'यो' हे रशियन अक्षर दोन ठिपक्यांचं. छापताना ठिपके बहुधा गाळतात, मग पासपोर्टवरून कोणी 'अक्सेनोव्ह' वाचतो. युक्रेनी रूप घेतलं तर सर्गेईचा सेर्ही होतो. मधलं नाव वालेर्येविच म्हणजे वालेरीचा मुलगा, आपण सातबाऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये लिहितो तसंच. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. पण पेमेंटच्या संदेशात ते बहुधा नसतंच. स्त्रियांच्या बहुतेक आडनावांना 'आ' लागतो, त्यामुळे पतीशी किंवा भावाशी ते अक्षरशः जुळत नाही.

ओफॅकच्या शोधपानावर, नाव किती जुळतं ते दाखवणाऱ्या गुणांकाची पट्टी सरकवता येते. किती गुणांवर थांबावं हे ओफॅक सांगत नाही, ते आपणच ठरवून लिहून ठेवायचं. १०० वर ठेवली तर 'अक्सेनोव्ह' हातून जाईल. फार खाली आणली तर दर इव्हानोव्हला अलर्ट. आधी यादीतलीच वीसेक नावं मुद्दाम वेगळ्या स्पेलिंगने टाकून किती सापडतात ते पाहा, मग आकडा ठरवा. अलर्ट बंद करताना जन्मवर्ष, जन्मगाव आणि मधलं नाव यांपैकी किमान दोन गोष्टी निराळ्या असल्याची नोंद करा. 'देश वेगळा' एवढं कारण पुरत नाही. या लोकांपैकी काहींकडे सायप्रस, इस्रायल असे दुसरे पासपोर्टही असतात.

यादीत नसलेली कंपनी

व्यक्तीचं नाव आलं की तिच्या कंपन्याही आत ओढल्या जातात, आणि इथे तिघांचं गणित निरनिराळं आहे. अमेरिका नुसती मालकी मोजते: यादीतल्या एका किंवा अनेक जणांची बेरीज ५० टक्के किंवा जास्त झाली की कंपनी गोठली, म्हणजे तिचे पैसे-मालमत्ता हलवता येत नाही. दोघांचे पंचवीस-पंचवीस टक्केही पुरतात. युरोपही ५० टक्के आणि बेरीज धरतो, पण वर 'ताबा कोणाचा' हेही विचारतो. ब्रिटनला ५० हून अधिक लागतात, लोकांची बेरीज ते सरसकट करत नाहीत, मात्र ताब्याची कसोटी त्यांच्याकडेही आहे. नेमका ५० टक्के हिस्सा अमेरिकेत अडकतो आणि ब्रिटनमध्ये केवळ मालकीच्या जोरावर अडकत नाही.

रशियन उद्योगपती ओलेग देरिपास्का एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या यादीत आले, सोबत त्यांची रुसाल ही अॅल्युमिनियम कंपनीही. हिस्सा आणि ताबा सोडल्यावर जानेवारी २०१९ मध्ये रुसाल बाहेर पडली. देरिपास्का आतच राहिले. भारतातलं उदाहरण नायरा एनर्जीचं. वाडीनारची ही रिफायनरी कंपनी जुलै २०२५ मध्ये युरोपच्या, ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या यादीत गेली. अमेरिकेने त्याच ऑक्टोबरात रोसनेफ्ट या रशियन सरकारी तेल कंपनीला यादीत घातलं, पण नायरात रोसनेफ्टचा हिस्सा ४९.१३ टक्के, ५० च्या नियमाने नायरा आपोआप ओढली जात नाही. एकच कंपनी, तीन याद्या, दोन उत्तरं.

नाव निघालं असं कधी समजावं

युरोपच्या न्यायालयाचा निकाल आला, बातमी झाली, की काही जण लगेच नाव काढतात. एप्रिल २०२४ मध्ये रशियन उद्योगपती मिखाईल फ्रिडमन आणि प्योत्र आवेन यांची नोंद न्यायालयाने रद्द ठरवली, पण ती जुन्या कालखंडापुरती. नंतरच्या निर्णयांखाली दोघं यादीतच राहिले. राजपत्रात वगळल्याशिवाय हात लावू नये. एका यादीतून गेलेला माणूस दुसरीत असू शकतो, म्हणून तिन्हींची स्थिती वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. दुरुस्तीची सूचना, म्हणजे नवी जन्मतारीख किंवा नवं टोपणनाव, हलक्यात घेऊ नका. पूर्वी 'हा तो नव्हे' म्हणून बंद केलेले अलर्ट अशा दुरुस्तीनंतर पुन्हा उघडून पाहावे लागतात, आणि हे काम सर्रास राहून जातं.

मग कोणती?

डॉलरमध्ये काम असेल तर ओफॅक रोज, याला पर्याय नाही. युरोमध्ये पैसे येत असतील किंवा खरेदीदार युरोपात असेल तर युरोप जोडा. लंडनचा विमा, पाउंड किंवा ब्रिटिश पासपोर्टचा संचालक असेल तर ब्रिटन. स्वित्झर्लंड बऱ्याच अंशी युरोपच्या मागे चालतं. तिथे खातं नसेल तर त्याच्यासाठी वेगळी धावपळ नको.

पन्नास-साठ खरेदीदार असलेल्या उद्योगाला विकतचा डेटाबेस घेण्याची गरज सहसा नसते. तिन्ही सरकारी याद्या फुकट आहेत. ऑर्डर पक्की करताना आणि माल न्हावा शेव्यातून निघण्याच्या आदल्या दिवशी, असं दोनदा खरेदीदार, त्याचे मालक, मालाचा अंतिम ग्राहक, बँक आणि जहाज तपासावं. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट फाइलला लावावा. विकतच्या डेटाबेसचा खरा उपयोग मालकीच्या साखळीसाठी. दुबई किंवा किर्गिझस्तानच्या बिश्केकमधल्या नव्या व्यापारी कंपन्यांशी वारंवार गाठ पडत असेल तर तो खर्च वसूल होतो.

आणि नाव खरंच जुळलं तर? अमेरिकी बँकेला गोठवलेल्या पैशाची माहिती १० कामकाजी दिवसांत द्यावी लागते, युरोपात दोन आठवड्यांत, ब्रिटनमध्ये शक्य तितक्या लवकर. पुण्यातल्या बॅक ऑफिसने ही माहिती त्या देशातल्या आपल्या कम्प्लायन्सकडे (नियमपालन विभागाकडे) त्याच दिवशी ढकलायची असते. पैसे पाठवणाऱ्याला परत करून मोकळं व्हायचा मोह होतो. पण गोठवणं म्हणजे पैसे जिथे आहेत तिथेच ठेवणं; परत पाठवले तर तोच नवा भंग ठरू शकतो.