11,600 रुपयांचं बनावट प्रोटीन, आणि ‘पक्कं बिल आणा’ म्हणणारी कार्यालयं

धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याच्यासाठी मी आमच्या शहरातल्या एका सप्लिमेंटच्या दुकानातून परदेशी ब्रँडच्या व्हे प्रोटीनचे (दुधाच्या निवळीपासूनच्या पावडरीचे) 5 पौंडाचे दोन डबे घेतले. एकाचे 5,800, दोघांचे 11,600. जिमच्या ट्रेनरनेच दुकान सुचवलं होतं आणि दुकानदार इम्पोर्टरशी थेट ओळख सांगत होता. अशा ठिकाणी कुणाला संशय येईल? माझ्या जागी कुणीही असता तरी हेच केलं असतं.

पाठीमागचा कोड खरवडला, क्यूआर स्कॅन केला, हिरवी बरोबरची खूण आली, ‘ओरिजिनल’. ते पान कंपनीचं नव्हतंच! पत्त्यात एक अक्षर जास्त होतं. म्हणून डब्यावरचा क्यूआर स्कॅन करू नका, कंपनीच्या साइटचा पत्ता स्वतः टाईप करा.

पण मी फसलो ती खरी जागा ही नव्हती. मी पक्कं बिल मागितलं तेव्हा दुकानदार म्हणाला, “साहेब, पक्क्या बिलाला जीएसटी वेगळा पडेल, तुमचंच नुकसान.” आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘प्रोटीन – 2’. अरे, एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात! वेगळा जीएसटी कसला? हे मला माहीत होतं, रोज ऑफिसात बिलंच बघतो. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्याची घाई चालली होती, आणि ते वाक्य माझ्या कानावरून गेलं. आजही आठवलं की डोकं फिरतं. त्याच वाक्यावर डबे तिथेच ठेवून निघायला हवं होतं.

भाऊ म्हणायला लागला, “दादा, पोट फुगतंय, आणि हे तळाला चिकटून बसतंय.” शेकरच्या बुडाशी गोडसर चिकट लगदा. मग मी डबा नीट पाहिला. आयातदाराचा स्टिकर एका बाजूला कललेला, त्याखाली जुन्या स्टिकरचा गोंद. त्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) नंबर सरकारी पोर्टलवर टाकला, तर परवाना एका बेकरीच्या नावावर! हे दुकानात उभ्याउभ्या, फोनवर दोन मिनिटांत होतं.

लॅबमध्ये 3,540 रुपये भरले. लेबलवर 30 ग्रॅमला 24 ग्रॅम, म्हणजे 80 टक्के प्रोटीन. निघालं 38.6 टक्के. तेही नायट्रोजन मोजून, त्यावरून प्रोटीन धरून. त्यात ग्लायसिन, टॉरिनसारखं स्वस्त काही मिसळलं असेल तर आकडा फुगतो, खरं प्रोटीन त्याहूनही कमी. अमिनो अॅसिडची वेगळी तपासणी केली तरच ते कळतं. आणि नावाजलेला खरा डबा म्हणजे निर्धोक असंही नाही. 2024 मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी बाजारातल्या 36 पावडरी तपासल्या, त्यातल्या 25 मध्ये लेबलवर लिहिलेलं प्रोटीन भरलं नाही.

रिपोर्ट घेऊन अन्न खात्याच्या कार्यालयात गेलो. “फोडलेला डबा चालत नाही.” दुसरा सीलबंद डबा पुढे केला. “बिलावर बॅच नंबर कुठाय?” बिलच दिलं नाही, हीच तर तक्रार आहे ना! साहेब दौऱ्यावर, अर्ज आवक-जावकला द्या. पोलीस ठाण्यात गेलो तर हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती ‘दुकानदाराचा प्रतिसाद नाही’ या शेऱ्यावर बंद. आयातदाराचं उत्तर, आमच्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेलं नाही, आमचा संबंध नाही. प्रत्येकाने पुढच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि ते दुकान त्या सगळ्या वेळात उघडं होतं. आजही आहे. कमी दर्जाच्या मालाला कायद्यात 5 लाखांपर्यंत दंड आहे, पण नमुना घ्यायला कुणी दुकानाची पायरी तर चढला पाहिजे! भरतीची पोरं तिथे आईबापाचे पैसे ओतताहेत आणि हे आवक-जावकचा शिक्का शोधताहेत.

बॅच नंबर लिहिलेलं छापील बिल मिळालं नाही तर घेऊ नका, दुकान कुणी का सुचवलेलं असेना. सील फोडतानाचा व्हिडिओ काढा. पैसे रोख देऊ नका. माझ्या हातात आता यूपीआयच्या नोंदीशिवाय भक्कम काही नाही. रिकामा डबा तसाच विकू नका, झाकण-लेबलसकट तो पुन्हा भरला जातो.

अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे ग्राहकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. दुसऱ्या डब्यासाठी तो अर्ज दिलाय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, तिथेही कागद तयार आहेत. मागणी 11,600 अधिक 3,540, म्हणजे 15,140 रुपये, आणि भाऊ आजारी पडला त्याची भरपाई वेगळी.