उषा उथुप यांच्या जुन्या रेकॉर्ड: मुंबईच्या बाजारात काय घ्यावं, काय सोडावं

उषा उथुप यांचा आवाज खालच्या पट्टीतला, जाड आणि भरदार. भायखळ्याच्या सेंट अ‍ॅग्नेस शाळेत याच आवाजापायी त्यांना गाण्याच्या वर्गात जागा मिळाली नाही. बाईंनी हातात ट्रँगलसारखी ताल धरायची वाद्यं दिली. त्याच आवाजाने पुढे पन्नासहून जास्त वर्षं स्टेज गाजवलं. मोबाइलवर मात्र तो अर्धाच ऐकू येतो, कारण छोट्या स्पीकरला खालचे सूर पेलत नाहीत आणि या गळ्याची सगळी मजा तिथेच आहे. त्यांची १९७० आणि ८० च्या दशकातली गाणी पूर्ण ऐकायची तर त्या वेळची चांगली रेकॉर्ड आणि बऱ्यापैकी प्लेअर हवा. मुंबईत दोन्ही मिळतं, पण डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं.

सुरुवात नावापासून. १९६८ च्या सुमारास त्यांची इंग्रजी गाणी रेकॉर्डवर आली तेव्हा त्या उषा अय्यर होत्या. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं आशा भोसले यांच्याबरोबरचं 'आय लव्ह यू'सुद्धा याच नावावर आहे. दुकानात नुसतं 'उषा उथुप आहे का?' विचारलं तर हा सगळा काळ हातचा जातो. शिवाय जुन्या बाजारात हिंदी रेकॉर्ड गायकाच्या नावाने क्वचितच लावलेल्या असतात. त्या सिनेमाच्या नाहीतर संगीतकाराच्या नावाने लागतात. त्यामुळे राहुल देव बर्मन आणि बप्पी लाहिरी यांचे खोके आधी उपसायचे, आणि इंग्रजी गाण्यांचा ढीग वेगळा मागायचा. तो बहुतेक मागच्या बाजूला, विदेशी पॉपच्या रेकॉर्डमध्ये मिसळलेला असतो.

आता कोणती घ्यायची? एकच घ्यायची असेल तर १९८० चा 'शान'. बर्मन यांनी त्याचं शीर्षकगीत उषा उथुप यांच्याकडून गाऊन घेतलं, आणि भरगच्च ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं) आणि तालवाद्यांच्या वर तो आवाज कुठेही न ताणता उभा राहतो. रेकॉर्ड पारखायलाही हेच गाणं उत्तम. शेवटच्या 'शान से'मधला 'श' आणि 'स' स्वच्छ आले तर खाच, म्हणजे सुई जिच्यातून फिरते ती रेकॉर्डवरची बारीक रेषा, शाबूत आहे. फसफसून आले तर जड सुईने ती खरवडून टाकली आहे, आणि ते कोणत्याही साफसफाईने भरून निघत नाही.

त्याच वर्षीच्या 'प्यारा दुश्मन'मध्ये 'हरी ओम हरी' आहे. चाल 'इरप्शन' या बँडच्या 'वन वे तिकीट'ची, पण गायकी अस्सल त्यांची. 'अरमान' (१९८१) 'रंबा हो'साठी घ्यावी. 'शालीमार' (१९७८) मधलं 'वन टू चा चा चा' खेळकर आहे, पण एका गाण्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. 'डिस्को डान्सर' (१९८२) मध्ये 'कोई यहाँ आहा नाचे नाचे' आहे. ही रेकॉर्ड प्रचंड खपली, म्हणून अजूनही सहज दिसते आणि तेवढीच झिजलेलीही असते. लग्नात, गणपतीच्या मंडपात, ऑर्केस्ट्रावाल्यांकडे वाजून वाजून तिचा जीव गेलेला असतो. पहिली दिसली की उचलायची घाई नको. चार प्रती बघाव्यात, पाचवी चांगली निघते.

दुर्मीळ म्हणाल तर नैरोबीतल्या कार्यक्रमाची 'लाइव्ह इन नैरोबी', फेलिनी फाइव्ह या तिथल्या बँडबरोबरची. उषा उथुप मुळात स्टेजच्या गायिका, त्यामुळे श्रोत्यांसमोर त्या कशा खुलतात ते या रेकॉर्डवर कळतं. ती समोर आली तर थोडा ओरखडा असला तरी सोडू नये.

बाजाराबद्दल. काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून दक्षिण मुंबईत जुनं संगीत शोधणाऱ्याची मुख्य भिस्त चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर आणि फोर्टातल्या जुन्या मालाच्या दुकानांवर आहे. मटण स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्या दिवशी सकाळी रस्त्यावर जुना बाजार भरतो. दोन्हींचा हिशेब वेगळा. रस्त्यावर भाव कमी, पण वाजवून बघायची सोय नाही आणि माल उन्हात पडलेला. दुकानात प्लेअर असतो, दुकानदाराला सिनेमा, साल, गायक तोंडपाठ असतात, आणि ही माहिती फुकट मिळते. या सेवेला आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊ.

कमी पडतं ते दर्जा सांगण्यात. 'एकदम मिंट', म्हणजे नव्यासारखी, म्हणून दिलेल्या रेकॉर्डवर केसासारख्या बारीक रेघा असणं नेहमीचं. दुसरा घोळ कव्हरचा: आत वेगळीच रेकॉर्ड, नाहीतर कव्हर म्हणून मूळ चित्राची रंगीत झेरॉक्स. म्हणून लेबलवरचा क्रमांक आणि शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक जुळतो का, ते बघायचं. कव्हरवर बारकोड असेल तर ती पुढच्या काळातली छपाई. ती वाईट नसते, पण मूळ प्रतीचा भाव तिला देऊ नये. आणि एकच बाजू वाजवून दाखवली तर थांबायचं: 'चाचा, दूसरी साइड भी लगाओ ना, आखरी गाना.' शेवटचं गाणं मागायचं कारण असं, की फिरण्याचा वेग तोच असला तरी मध्याकडे खाचेचं वर्तुळ लहान होत जातं, सुईखालून खाच कमी वेगाने सरकते, आणि झीज सगळ्यात आधी तिथे ऐकू येते. पहिलं गाणं जवळपास कुठलीही रेकॉर्ड बरं वाजवते.

लेबलच्या मधल्या भोकाभोवती जरा निरखून बघा. रेकॉर्ड चढवताना प्लेअरची दांडी अंदाजाने भोक शोधत फिरते आणि कागदावर बारीक चंदेरी रेघ सोडते. अशा दोन-चार रेघा असतील तर रेकॉर्ड कमी वाजली आहे. भोकाभोवती जाळंच विणलेलं असेल, कागद खरखरीत होऊन पांढरा पडला असेल, तर वरून कितीही चकचकीत दिसली तरी ती शेकडो वेळा फिरली आहे. चकाकी तेल लावूनही आणता येते. लेबलवरच्या या रेघा पुसता येत नाहीत. मग रेकॉर्ड काठाने धरून बल्बखाली तिरकी करायची. खाचांच्या दिशेने जाणाऱ्या रेघा फारशा बोलत नाहीत, आडव्या रेघा दर फेरीला 'टक' करतात. एखाद्या रेघेवरून नख हलकेच फिरवल्यावर अडकलं तर सुईही अडकणार. शेवटी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाक बघायचा. उन्हात पडलेल्या मालात तो हमखास असतो, आणि घरी वजन ठेवून वाक सरळ करण्याच्या युक्त्यांनी बहुधा नुकसानच होतं.

आता प्लेअर, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर या आवाजासाठी घेऊ नयेत. त्यांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) असते, तिचा खाचेवरचा भार साधारण ५ ग्रॅम. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचा भार २ ग्रॅमच्या आसपास. जास्त भाराने खाच लवकर घासते, आणि पेटीतले इवलेसे स्पीकर खालचे सूर खाऊन टाकतात. उषा उथुप यांच्या गळ्याचा पाया नेमका त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळे अशा पेटीवर त्या कुणीही साध्या गायिका वाटतात. वेगळे स्पीकर, मॅग्नेटिक कार्ट्रिज आणि भार नेमता येईल असं टोनआर्मचं (सुई धरणाऱ्या दांडीचं) वजन, एवढं असलं की पुरे. मॅग्नेटिक कार्ट्रिज थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) जोडली की आवाज पातळ आणि दबका येतो. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम कमी केलेले असतात आणि ते परत वाढवायचं काम फोनो प्रीअँप हे सर्किट करतं. जुन्या अँप्लिफायरवर 'फोनो' लिहिलेली जागा असते, तिथे जोडा आणि अर्थची बारीक वायर स्क्रूला घट्ट बांधा. ती सुटली की सतत घुंग आवाज येतो. सुया आणि सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात. जाताना जुनी सुई बरोबर न्यावी, कारण नुसत्या फोटोवरून चुकीची गळ्यात पडते. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. जुन्या प्लेअरबरोबर आलेल्या सुईचं वय कळायला मार्ग नाही, म्हणून ती आधी बदला, मग रेकॉर्ड लावा.

मुंबईचा पावसाळा हा रेकॉर्डचा खरा वैरी. पुठ्ठ्याचं कव्हर दमट हवा शोषून घेतं आणि खाचांवर पांढरट बुरशी धरते. वाजवताना ती सतत तडतडते. घाबरायचं कारण नाही, बुरशी बहुतेक वेळा निघते. ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब एवढं मिश्रण करायचं. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवायचा आणि पंख्याखाली उभी वाळवायची. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात. हे मिश्रण मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना लावू नये. अल्कोहोलने लाख विरघळते. आतलं कागदी पाकीट टाकून द्या, नाहीतर त्याच्यातली बुरशी परत चढते. रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. पावसात ओल तिथूनच येते.

अभिनयाच्या बाजूसाठी रेकॉर्डचा बाजार उपयोगाचा नाही. 'बॉम्बे टू गोवा' (१९७२) मध्ये त्या स्वतः पडद्यावर गाताना दिसतात, तेव्हा तो सिनेमा बघायलाच हवा. त्याची रेकॉर्ड घ्यायची असेल तर लेबलवरची यादी आधी वाचा, सिनेमातलं सगळं रेकॉर्डवर येतंच असं नाही. मल्याळममधला 'पोथन वावा' (२००६) आणि तमिळमधला 'मन्मदन अंबू' (२०१०) यांत त्यांच्या भूमिका आहेत. 'सात खून माफ' (२०११) मध्ये त्यांनी काम केलं आणि रेखा भारद्वाज यांच्याबरोबर 'डार्लिंग' गायलं, ज्याचा फिल्मफेअर दोघींना मिळून मिळाला. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये पद्मभूषण. 'डार्लिंग'साठी सीडी शोधा. जुन्या सीडीच्या पेट्या याच दुकानांत कोपऱ्यात पडलेल्या असतात आणि रेकॉर्डच्या मानाने फार स्वस्त मिळतात. घेताना सीडीची लेबलाची बाजू बल्बसमोर धरून बघा. चंदेरी थर त्याच बाजूला असतो, आणि त्यातून प्रकाशाचे ठिपके दिसले तर ती वाजताना अडखळणार.