संघराज्याच्या अर्थकारणावरील तीन संध्याकाळी : दुसरी चुकवू नये

घटक राज्यांच्या दीर्घकालीन आर्थिक धोरणांचा मेळ कसा घातला जातो, या विषयावर पुण्यात डेक्कन जिमखान्यावरील एका संस्थेने भरवलेल्या सशुल्क अभ्यासवर्गाला मी नुकताच हजर होतो.

पहिली संध्याकाळ गाडगीळ सूत्राची, म्हणजे योजनांसाठीचे केंद्राचे साहाय्य राज्यांत वाटण्याच्या तेव्हाच्या सूत्राची होती. धनंजयराव गाडगीळांनी ज्या शहरात गोखले संस्था नावारूपाला आणली, तेथे हा विषय श्रोत्यांना अर्धा पाठच असतो; तरीही १९६९ च्या सूत्रात लोकसंख्येला ६० टक्के आणि दरडोई उत्पन्न, करवसुलीचे प्रयत्न, चालू पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के वजन का दिले, हे वक्त्यांनी नेटकेपणाने उलगडले. वाटलेल्या टिपणांची छपाई मात्र इतकी फिकट होती की तक्ते वहीत उतरवून घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी जीएसटी परिषदेची, म्हणजे वस्तू व सेवा कराबाबत शिफारशी करणाऱ्या केंद्र व राज्यांच्या परिषदेची, अभिरूप बैठक झाली. माझ्यासमोर गोव्याची पाटी होती, शेजारी उत्तर प्रदेशाची, आणि दोघांच्या मताचे वजन सारखेच. केंद्राकडे एक तृतीयांश मत, सर्व राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला किमान तीन चतुर्थांश हवेत, हे आकडे फळ्यावर मांडल्यावर लक्षात आले की केंद्र एकटेच ठराव अडवू शकते. आणि विधानसभा असलेले केंद्रशासित प्रदेश धरून राज्यांचे सर्व ३१ सदस्य हजर असतील, तर त्यांपैकी १२ जणांच्या विरोधानेही ठराव पडतो. प्रत्यक्ष परिषदेत पहिले मतदान झाले ते थेट डिसेंबर २०१९ मध्ये, तेही लॉटरीवरील कराच्या दरासाठी. आमच्या बैठकीत पहिल्या अर्ध्या तासातच हात वर झाले होते.

युरोपीय संघावरील तिसऱ्या व्याख्यानाने निराशा केली. सदस्य देशांच्या सरकारी तुटीची, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्के, आणि कर्जाची ६० टक्के मर्यादा सांगितली गेली. पण जर्मनी आणि फ्रान्स यांनीच तुटीची मर्यादा ओलांडल्यावर नोव्हेंबर २००३ मध्ये अर्थमंत्र्यांच्या परिषदेने त्यांच्यावरील कारवाई स्थगित ठेवली, हा सर्वांत बोलका प्रसंग गाळला गेला. २०१५ मध्ये नियोजन आयोगाच्या जागी आलेल्या नीती आयोगाकडे राज्यांना वाटायला निधीच नाही, मग दीर्घ पल्ल्याच्या आराखड्यात राज्यांना बांधून ठेवणार कोण, हा माझा प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतला गेला, आणि तेवढ्यात सभागृहाची वेळ संपली. एकेका दिवसाचे शुल्कही भरता येते. ते दुसऱ्या दिवसाचे भरावे.