जुना लॅपटॉप, विंडोज नको: मिंट, डेबियन की फ्रीबीएसडी?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ज्यांच्या मशीनवर ११ चढत नाही ते सगळे आता हेच विचारतायत, की विंडोजऐवजी कुठली फुकट सिस्टीम टाकू: मिंट किंवा डेबियन (दोन्ही लिनक्स) की फ्रीबीएसडी (लिनक्स नव्हे, युनिक्सच्या घराण्यातली वेगळी सिस्टीम). माझं म्हणणं, आधी वायफाय कार्ड कुठलं ते बघा, बाकीची चर्चा मग.

कार्ड इंटेलचं असेल तर तिन्ही बहुतेक चालतील, फक्त फ्रीबीएसडीत बरीच वर्षं जुन्या ए-बी-जी (वायफायचे सुरुवातीचे हळू प्रकार) स्पीडवरच भागवावं लागायचं, त्याहून वेगवान एसी स्पीड २०२५ मधे आवृत्ती १४.३ सोबत आला आणि तोही सगळ्या कार्डांना नाही. ब्रॉडकॉम कंपनीचं असेल तर फ्रीबीएसडीचा नाद सोडा. मिंटमधे त्याचा ड्रायव्हर बऱ्याचदा ड्रायव्हर मॅनेजरमधून एका क्लिकवर येतो, तोपर्यंत अँड्रॉइड फोन यूएसबीला लावून नेट घ्यायचं. डेबियनने आवृत्ती १२ पासून फर्मवेअर (कार्ड चालायला लागणारी फाईल) इन्स्टॉलरमधेच घातलंय, त्यामुळे पूर्वीची फाईल शोधत फिरायची कटकट बरीच कमी झाली.

फ्रीबीएसडी म्हणजे चवथीला माटोळीची (गोव्यात गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधून टांगतात ती) नुसती चौकट टांगून द्यावी आणि फळं तुमची तुम्ही आणून बांधा म्हणावं तसं. इन्स्टॉल संपलं की काळा स्क्रीन आणि लॉगिन, पुढे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, एक्सऑर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम), डेस्कटॉप सगळं हाताने. सिक्युअर बूट (फक्त मान्यता असलेली सिस्टीम सुरू होऊ देणारी सेटिंग) पण बंद करावं लागतं. आणि झाकण बंद करून उघडल्यावर लॅपटॉप जागा होईलच असं नाही, रोज ऑफिसला नेणाऱ्याला हे परवडत नाही.

पण फ्रीबीएसडीची एक गोष्ट मला मनापासून आवडते, झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायची पद्धत (फाईलसिस्टीम). पावसात आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही, त्यात बॅटरी मेलेली, मशीन मधेच बंद. झेडएफएस जुन्या डेटावर नवीन लिहीतच नाही, वेगळ्या जागी लिहून मग पत्ता बदलतो, त्यामुळे फाईलसिस्टीम अर्धवट राहत नाही. (न सेव्ह केलेलं जातंच हां, त्याला इलाज नाही.) अपडेट फसलं तर बूट मेनूतून जुन्या सिस्टीमवर परत जाता येतं. मिंटमधे टाईमशिफ्ट आहे, आधी स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या वेळची प्रत) घेऊन ठेवला असेल तर तोही वाचवतो. रॅम ४ जीबीच असेल तर फ्रीबीएसडीवर यूएफएस (साधी, जुनी फाईलसिस्टीम) घ्या, झेडएफएसला कॅशसाठी रॅम लागते.

थोडक्यात, घरात एकच लॅपटॉप असेल तर मिंट एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची मिंट). सतत बदल नको असतील आणि थोडं टर्मिनल जमत असेल तर डेबियन. फ्रीबीएसडी दुसऱ्या, शिकायच्या मशीनवर, आणि आधी घोस्टबीएसडी (तयार डेस्कटॉपसकटची फ्रीबीएसडी) पेनड्राईव्हवरून लाईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय लागतं का ते बघा. मराठी टायपिंग तिन्हीवर होतं.